गाडी स्वस्त झाली, तिचे पार्ट झाले नाहीत

मला लिहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक लघुउद्योजक, वय ४१, आयुष्यातली पहिली स्पोर्ट्स कार घेताहेत. हातात एकूण ७० लाख. दोन गाड्या पाहून ठेवल्यात. पहिली २०११ ची ऑडी आर८, ४.२ लिटरचं व्ही८ इंजिन, आर-ट्रॉनिक गिअरबॉक्स, फक्त १९,००० किमी चाललेली, दिल्ली पासिंग. दलाल ५८ लाख सांगतोय. दुसरी २००८ ची पोर्शे ९११ करेरा एस, हाताचे गिअर, ५२,००० किमी, मुंबई पासिंग. मालक स्वतः विकतोय, ६४ लाख म्हणतोय. त्यांचे प्रश्न तीन: वर्षाला खर्च किती येईल? सर्व्हिस कंपनीत करावी की बाहेर? आणि कमी चाललेली, वर स्वस्तही असलेली आर८ घेणं जास्त शहाणपणाचं नाही का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. १९,००० हा आकडा वाचून तुम्हाला आनंद झाला, मला शंका आली. का, ते पुढे सांगतो.

आधी पैशांचं बोलू. बावीस वर्षं मी पिंपरीजवळच्या माझ्या गॅरेजात याच जातीच्या गाड्यांखाली आडवा होतोय, आणि पहिल्यांदा असली गाडी घेणारा जवळपास प्रत्येक जण एकच हिशेब चुकतो. त्याला वाटतं, ६० लाखांची गाडी म्हणजे ६० लाखांच्या गाडीइतका खर्च. मित्राकडे तेवढ्याच किमतीची नवी जर्मन एसयूव्ही असते, तिचं सर्व्हिसचं बिल त्यानं पाहिलेलं असतं, त्यात थोडे वाढवून तो आकडा धरतो. पण ही ९११ नवी असताना कोटीच्या घरातली होती आणि आज नवी घ्यायला गेलात तर दोन कोटींच्या घरात जाते. जुनी गाडी स्वस्त झाली ती बाजारामुळे. तिची ब्रेक डिस्क, तिचा रेडिएटर, तिचा हेडलाइट काही स्वस्त झाला नाही. पार्टच्या काउंटरवरचा माणूस तुम्ही गाडी कितीला घेतली हे विचारत नाही, तो चासी नंबर विचारतो.

म्हणून ७० लाख हातात असतील तर गाडी ५५, फार तर ५८ लाखांची बघा. उरलेले बारा लाख वेगळ्या खात्यात टाका आणि गाडीशिवाय कशालाही त्यांना हात लावू नका. ६४ लाखांची ९११ घेऊन सहा लाख हातात ठेवणं म्हणजे एका क्लचवर आणि चार टायरवर संसार मांडणं.

आता वर्षाचा खर्च. वर्षाला पाच-सहा हजार किमी चालवाल असं धरतो. हे माझ्या वहीतले ढोबळ आकडे आहेत, पार्टच्या आणि डॉलरच्या भावाबरोबर हलतात. ९११ चं ऑइल आणि फिल्टर, आठ लिटरच्या वर ऑइल लागतं, बाहेर केलं तर तीस-पस्तीस हजार. हे दर वर्षी, गाडी हजार किमी चालली असली तरी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टायरचा एक सेट दोन ते अडीच लाख, आणि तो झिजो न झिजो, सहा वर्षांच्या पुढे वापरायचा नाही. चारही डिस्क-पॅड पाच वर्षांत एकदा धरले तर दोन-अडीच लाख. बाकी वॉटर पंप, कॉइल, सस्पेन्शनचे आर्म, कुठला तरी सेन्सर असं काहीबाही दरवर्षी निघतंच. विमा धरून पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला तीन ते साडेतीन लाख पडतात. ही सरासरी आहे, हे विसरू नका. एखाद्या वर्षी साठ हजारांत सुटाल, पुढच्याच वर्षी सात लाख जातील. ते सात लाख गेले म्हणून घाबरून गाडी विकणारे मी बरेच पाहिलेत. विकतात आणि सगळं काम झालेली गाडी पुढच्याच्या पदरात पडते. जमलं तर तो पुढचा माणूस तुम्ही व्हा.

आता ९११ कडे येतो. या गाडीबद्दल नेटवर वाचून तुम्ही घाबरला असाल, कारण या पिढीच्या इंजिनांची दोन दुखणी जगभर गाजलीत.

पहिलं इंटरमिजिएट शाफ्टच्या, म्हणजे क्रँकची फिरकी व्हॉल्व्हच्या चेनपर्यंत पोचवणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचं. १९९७ पासूनच्या पोर्शे बॉक्सस्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये हे बेअरिंग फुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, जातं आणि इंजिन भंगारात. २००१ ते २००५ च्या गाड्यांवरून अमेरिकेत मालकांनी सामुदायिक दावा केला, २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. तुमची २००८ ची गाडी ९९७ पिढीतली. हिच्यात मोठं, दणकट बेअरिंग आहे. ते फुटण्याचं प्रमाण अगदी कमी. पण एक खोच आहे: इंजिनाचं कवच उघडल्याशिवाय हे बेअरिंग काढताच येत नाही. त्यामुळे त्याच्या नावाखाली कुणी तुमच्याकडून दोन-तीन लाख मागितले तर नमस्कार करा. क्लचच्या कामाला गिअरबॉक्स खाली उतरेल तेव्हा बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकायचं, म्हणजे इंजिनाचं ऑइल त्याला मिळत राहतं. बस, एवढंच.

दुसरं दुखणं तुमच्या गाडीला जास्त लागू आहे: सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडणं. या इंजिनाचे सिलिंडर अॅल्युमिनियमचे, आतला थर सिलिकॉन मिसळलेला. पिस्टनच्या कडेला लोहाचा पातळ मुलामा असतो. तो मुलामा झिजला की अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासायला लागतं, भिंतीवर उभ्या चिरा पडतात, इंजिन ऑइल खायला लागतं, आवाज येतो. जास्त करून चार, पाच, सहा नंबरचे सिलिंडर, त्यातही सहावा. थंड इंजिन चालू करून लगेच रेटलं तर हे लवकर होतं. इंजिन पूर्ण खोलून सिलिंडरना नवे लायनर टाकायचे म्हणजे आपल्याकडे पंधरा ते वीस लाख, आणि ते नीट करणारे हात देशात मोजके. २००९ पासूनच्या ९११ मध्ये इंजिनच बदललं. त्यात हा शाफ्ट नाही आणि ओरखड्यांची तक्रारही क्वचित. म्हणूनच २००८ आणि २००९ च्या किमतीत एवढी दरी दिसते. दलाल ती 'मॉडेल इयर'ची सांगतात.

मग ही गाडी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण आत बघून. आम्ही हे कसं बघतो ते सांगतो, म्हणजे समोरचा खरंच बघतोय की नुसती टॉर्च फिरवतोय हे तुम्हाला कळेल.

गाडी लिफ्टवर घ्यायची. मागचं चाक काढायचं, म्हणजे प्लगपर्यंत हात पोचतो. या गाडीत प्लग वरून दिसतच नाहीत. सहाव्या सिलिंडरचा प्लग काढून पिस्टन अगदी तळाला आणायचा आणि मग आत बोरोस्कोप, म्हणजे बोटाएवढा जाड नसलेला कॅमेरा, सोडायचा. पिस्टन वर असताना बघितलं तर काही अर्थ नाही, कारण ओरखडे भिंतीच्या खालच्या भागात सुरू होतात. चांगल्या भिंतीवर करडा, मळकट, एकसारखा पोत दिसतो. बिघडलेल्या भिंतीवर नखानं ओढल्यासारख्या उभ्या चकचकीत रेघा दिसतात. एखादी बारीक रेघ आणि रेघांचा पट्टा यातला फरक मात्र सरावानंच कळतो. शंका आली तर चेंबर, म्हणजे तळाचं ऑइल पॅन, काढून खालूनही कॅमेरा घालायचा. यासाठी अर्धा दिवस जातो. विकणारा "एवढं कशाला?" म्हणाला तर त्याला सांगा की माझे पैसे, माझा अर्धा दिवस.

मग ऑइल फिल्टर. या इंजिनात कागदी काडतूस असतं. ते काढायचं, कातरीनं कागद कापायचा आणि पंख्यासारख्या घड्या एक-एक करून पांढऱ्या कपड्यावर पसरायच्या. उन्हात न्या किंवा तिरका टॉर्च मारा. थोडी करडी धूळ चालते. चमचम दिसली तर खालून लोहचुंबक फिरवायचं. चिकटली तर पोलाद, म्हणजे बेअरिंग नाहीतर चेन. नाही चिकटली तर अॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन नाहीतर सिलिंडर. मी गाडी चालवून बघण्याआधी हा कागद बघतो. गाडी गोड आवाजात खोटं बोलू शकते, हा कागद नाही.

तिसरं, स्कॅनर. साधा नाही, पोर्शेचं डीएमई, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वाचणारा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, इंजिन किती तास चाललं. ५२,००० किमीला तास जर १,७०० असतील तर सरासरी वेग ताशी तीसच्या आसपास, पटतंय. तास जर चार हजार निघाले तर सरासरी ताशी तेरा. इतकं तर दादर स्टेशनबाहेरही कुणी वर्षानुवर्षं रांगत नाही. मीटर मागे फिरवलेला असणार. दुसरी गोष्ट, चुकून खालचा गिअर पडून इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरलं याची नोंद. ती सहा टप्प्यांत असते. पहिल्या दोन टप्प्यांतले आकडे सोडून द्या, जोशात चालवली असेल. चौथ्यापासून पुढे नोंद असेल आणि ती अलीकडच्या तासांतली असेल, तर मी त्या गाडीपासून चार हात लांब राहतो.

जाता जाता: मागच्या दोन सायलेन्सरच्या नळ्यांत बोट फिरवा. एक दुसरीपेक्षा ठळक काळी असेल तर एका बाजूचे सिलिंडर ऑइल खाताहेत अशी शंका घ्या. बोट पुसायचं फडकं घेऊन जा, याला पैसे पडत नाहीत.

आता आर८. गाडी म्हणून मला आवडते, हे आधीच सांगतो. इंजिन सव्वाआठ हजारांपर्यंत फिरतं, मधोमध बसवलंय, अॅल्युमिनियमचा सांगाडा आहे. तुम्ही पाहिलेल्या आर८ चं दुखणं इंजिन नाही, गिअरबॉक्स आहे. आर-ट्रॉनिक म्हणजे ऑटोमॅटिक नव्हे. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच, फक्त क्लच दाबायचं काम तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक पंप करतो. त्यात 'पी' नसतं, यावरूनच ओळखा. पण चालवणारा तिला ऑटोमॅटिक समजून चालवतो. ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून इंचाइंचानं पुढे सरकवतो. तिथे क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि जळतो. बेसमेंटच्या चढावर रिव्हर्स घेतली की पाच मिनिटांत तो वास येतो. एकदा घेतलात की विसरणार नाही. म्हणूनच १९,००० किमी शहरात चाललेल्या आर-ट्रॉनिकचा क्लच संपत आलेला असू शकतो आणि ४०,००० किमी हायवेला चाललेल्याचा धडधाकट. क्लच किती उरलाय ते स्कॅनरवर दिसतं. त्याचा फोटो मागा. क्लच, फ्लायव्हील, मजुरी धरून सहा ते आठ लाखांचं काम आहे, आणि त्याच वेळी हायड्रॉलिक पंप थकलेला निघाला तर आणखी. २०१३ च्या मॉडेलपासून त्यांनी हा गिअरबॉक्स काढून सात गिअरचा डबल क्लचवाला दिला. तो आपल्या रस्त्यांना कितीतरी बरा, पण तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही.

लॅम्बोर्गिनी गॅलार्डो हे तुमचं मूळ स्वप्न होतं असं तुम्ही लिहिलंय. तिचा ई-गिअर याच घराण्यातला, इंजिन दोन सिलिंडर मोठं आणि पार्टचा खोका वेगळ्या रंगाचा. त्या खोक्याच्या रंगाचे पैसे लागतात. पहिली गाडी म्हणून नको.

आर८ मध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. मॅग्नेटिक राइड शॉकअप आहेत का? त्यातल्या ऑइलमध्ये लोहाचे कण असतात, चुंबकानं ते ऑइल घट्ट-पातळ होतं. हे शॉकअप गळायला लागले की दुरुस्ती नाही, बदलायचेच, आणि एकेकाचा भाव लाखाच्या पुढे. काही जण काढून साधे टाकतात. चालतं, पण मग डॅशवर दिवा पेटत राहतो आणि विकताना समोरचा तुमचीच मान धरतो. दुसरं, या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचा थर बसतो. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबानं मारून तो साफ करतात. दर चाळीस-पन्नास हजार किमीला हे करावं लागतं, भीतीचं कारण नाही.

दिल्ली पासिंगचं दोन वाक्यांत. पंधरा वर्षांच्या पुढच्या पेट्रोल गाड्यांवर तिकडे बंदीची तलवार २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून टांगलेली होती, म्हणून या वयाच्या गाड्या तिकडून स्वस्तात खाली येत राहिल्या. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण हे तिन्ही खर्च ५८ लाखांत धरून बघा; फरक बराचसा मिटतो. मुंबईची ९११ सुद्धा पंधरा वर्षांपुढची आहे, तिच्या आरसीचं नूतनीकरण झालंय की तुमच्यावर सोडलंय, तेही विचारा.

आता त्या १९,००० किमीचं. काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गृहस्थांनी नऊ वर्षांची इटालियन गाडी घेतली, मीटरवर ६,४०० किमी. सीटवरचं प्लॅस्टिक तेवढं निघालेलं. माझ्याकडे आली ती क्रेनवर. बॅटरी मेलेली, हे ठीक. पेट्रोल टाकीत बसून बसून मधासारखं घट्ट झालेलं, पंप गेला, इंजेक्टर चोंदले. एसीची सीलं सुकून गॅस उडालेला. टायरवर खाच भरपूर, पण एका जागी उभं राहून त्यांना चपटेपणा आलेला आणि बाजूला बारीक भेगा. डॅशवरची बटणं गुळासारखी चिकट. कूलंटचा पाइप पहिल्याच दिवशी सुटला. पन्हाळ्याला पहिली चक्कर मारेपर्यंत अकरा लाख गेले, आणि त्यातला एकही पार्ट 'चालवून' झिजलेला नव्हता. ते मला म्हणाले, "गाडी नवी घेतली असं समजा." मी काही बोललो नाही.

चौदा-पंधरा वर्षांत १९,००० म्हणजे वर्षाला तेराशे किमी. त्यातही बहुतेक शहरात, थंड इंजिनावर, दहा मिनिटांच्या फेऱ्या. किंवा मग मीटर खोटा. दोन्ही उत्तरं वाईट. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१७' असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा. असले टायर घेऊन समृद्धीच्या सिमेंटवर दुपारी १२० नं जायचं नाही. गंमत म्हणजे दोन्ही गाड्यांना १९ इंची रिम असतील तर मापही एकच आहे, पुढे २३५/३५ आणि मागे २९५/३०, त्यामुळे टायरच्या खर्चावरून निवड करायचा प्रश्नच नाही.

कंपनी की बाहेर? सरळ सांगतो, आणि मी स्वतः 'बाहेर' आहे हे लक्षात ठेवून ऐका. चावीचं कोडिंग, एअरबॅग, सॉफ्टवेअर, जुने रिकॉल झालेत का याची तपासणी: कंपनीत. झिजणारं सगळं, म्हणजे ऑइल, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन: बाहेर, पण याच जातीच्या गाड्या करणाऱ्याकडे. खरा धोका तिसऱ्या प्रकारचा आहे, तो म्हणजे "आपल्याकडे फॉर्च्युनर ते फेरारी सगळं होतं" म्हणणारा. त्याला दोन प्रश्न विचारा. एक, लिफ्टचे पाय या गाडीला कुठे लावता? दोन, कूलंट कसं भरता? ९११ मध्ये वीस लिटरपेक्षा जास्त कूलंट पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत फिरतं, ते व्हॅक्यूम लावून भरावं लागतं, नाहीतर मध्ये हवा अडकते. "झाकण उघडून भरतो" हे उत्तर आलं तर चहा घ्या आणि निघा.

पार्टच्या बाबतीत मात्र डोकं लावा. गाडीचा कारखाना प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. कॉइल, सेन्सर बॉशचे, क्लच सॅक्सचा, फिल्टर माहलेचा. नाशिककरांना बॉश काय ते सांगायला नको. तोच पार्ट बनवणाऱ्याच्या खोक्यात घेतला तर किंमत बऱ्याचदा अर्धी होते. पण ब्रेकचे पॅड, स्टिअरिंगचे जोड आणि इंजिनातली सीलं यात काटकसर नको. आणि टायर घेताना पोर्शेला 'एन' आणि ऑडीला 'आरओ' किंवा 'एओ' शिक्का, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या मान्यतेची खूण, असलेलाच घ्या, चार चाकांना एकच.

आणखी एक, हे माझ्या चुकीतून शिकलोय. एका जर्मन गाडीचा क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला होता. क्रँकच्या मागच्या सीलला अगदी किंचित ओल. मालक म्हणाले, "गळत नाहीये ना, राहू दे, बिल आधीच फार झालंय." सील होतं साडेचार हजारांचं. मी हो म्हणालो. आठ महिन्यांनी गाडी परत, नव्याकोऱ्या क्लचप्लेटवर ऑइल. पुन्हा सगळं उतरवलं, पुन्हा नवी प्लेट. मजुरी मी घेतली नाही, पण दोन दिवस मी त्यांच्याशी नजर मिळवत नव्हतो. तेव्हापासून एकदा हात घातला की त्या वाटेतलं सगळं करायचं: क्लचबरोबर मागचं सील, रिलीज बेअरिंग, ते शाफ्टच्या बेअरिंगचं सील. बंपर उतरला की पुढच्या रेडिएटरांतली पानं आणि माती साफ. तुमचा मेकॅनिक "आत्ता हेही करून घेऊ" म्हणाला तर तो लुटतोय की वाचवतोय हे एकाच प्रश्नावर कळतं: "नंतर केलं तर मजुरी पुन्हा पडेल का?" पडणार असेल तर करून घ्या.

पेट्रोल. या गाड्यांना ९५ च्या खाली ऑक्टेन नको, पोर्शे ९८ सांगते. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन २०२० च्या डिसेंबरपासून मिळतंय. महाग आहे, पण तुम्ही वर्षाला जेमतेम सहाशे-सातशे लिटर जाळणार. वीस टक्के इथेनॉलवालं साधं पेट्रोल २००८ च्या गाडीसाठी बनलेलं नाही, आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात चार महिने टाकी तशी भरून ठेवलीत तर पंपाची वाट लागते. उभी ठेवायची असेल तर चांगल्या पेट्रोलनं टाकी पूर्ण भरा, बॅटरीला मेंटेनर, म्हणजे तिला हळूहळू चार्ज ठेवणारं यंत्र, लावा आणि पंधरा दिवसांतून एकदा वीस किमी चालवून आणा. नुसतं चालू करून पार्किंगमध्ये गुरगुरवू नका, त्यानं फायद्यापेक्षा तोटा होतो. आणि उंदीर. हसू नका. वायरिंग हार्नेसचा भाव कळला की हसू जातं. गंगापूर रोडला बंगला असेल तर गॅरेजचं दार खालून बंद होतंय का, ते गाडी यायच्या आधी बघा.

विमा घेताना एवढं लक्षात ठेवा की या वयाच्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. मग क्लेममध्ये रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरीचे निम्मे पैसे तुमचे, फायबरच्या पार्टचे तीस टक्के तुमचे आणि दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या पार्टचेही निम्मे तुमचे. पुढचा बंपर स्पीडब्रेकरवर घासणारच आहे, तो प्लॅस्टिकचा असतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा किंमत वाटाघाटीनं ठरते, तेव्हा एजंटानं टाकलेला पहिला आकडा मान्य करू नका.

तर माझा सल्ला. आर८ सोडा. ९११ च्या मालकाकडून आधी फाइल मागवा: दरवर्षीचं ऑइलचं बिल आहे का, किमी क्रमानं वाढताहेत का, क्लच कधी बदलला. फाइल असेल तर ५७-५८ पर्यंत बोला. क्लच अजून मूळचाच असेल तर त्यातून साडेतीन लाख वजा. फाइल नसेल आणि मालक "सगळं कंपनीत झालंय, रेकॉर्ड काढून देतो" म्हणत असेल, तर ते रेकॉर्ड आल्यावरच टोकन द्या. फाइल नीट असेल आणि सिलिंडर स्वच्छ निघाला तर ५२,००० किमीची ही गाडी मी डोळे मिटून घेईन.

तपासणीला जाल त्या दिवशी मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी धुऊन, चालू करून, गरम करून ठेवू नका. सकाळी तुम्ही पोचल्यावर बॉनेटवर, म्हणजे या गाडीत मागच्या झाकणावर, हात ठेवा. थंड असेल तरच पुढचं काम. पहिली चावी तुमच्या समोर फिरली पाहिजे, आणि त्या वेळी तुम्ही गाडीच्या आत बसू नका, मागे सायलेन्सरपाशी उभे राहा.